थोरल्याचं घर आधी

झाब्लोन ओविटीचा एक सिद्धांत होता, आणि ऐकायला कोणी तयार नसलं तरी सांगायला तो कायम तयार असायचा. माणूस पाण्यामुळे बुडत नाही, सोबत्यांमुळे बुडतो. हे ज्ञान त्याला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. किसुमूला कोंडेलेच्या चौकाजवळ जादुओंग, म्हणजे बुजुर्ग, ओगाडांचं सायबर कॅफे आहे. तिथल्या भिंतीकडच्या खुर्चीत बसून, कानाला हेडफोन लावून, 'शेवटचं बेट' नावाचा खेळ खेळता खेळता त्याचे डोळे उघडले होते.

खेळ तसा साधा आहे. तुम्ही एका बेटाच्या किनाऱ्यावर उघडेवाघडे जागे होता, हातात एक दगड. त्या दगडाने लाकूड तोडायचं, लाकडाचं घर करायचं, घरात अंथरूण टाकायचं, शिकार करून पोट भरायचं. जगभरातून आलेले बाकीचे शंभरेक खेळाडू तुमचं घर फोडायला टपलेले असतात, त्यांच्यापासून जीव वाचवायचा. मेलात, तर जिथे तुमच्या नावाचं अंथरूण असेल तिथे पुन्हा उठता. अंथरूणच नसेल तर पुन्हा किनारा आणि पुन्हा तोच दगड. तुम्ही सायबर सोडून जेवायला गेलात तरी तुमचा देह तिकडे बेटावर झोपलेलाच असतो, आणि झोपलेल्याला मारायला फारसं शौर्य लागत नाही. मग काही महिन्यांनी हंगाम संपतो, सगळं बेट पुसलं जातं आणि सगळे पुन्हा उघडे होतात. लोक याला करमणूक म्हणतात.

शहाणे लोक टोळी करून खेळतात. झाब्लोननेही पहिल्या हंगामात एक भागीदार केला होता. त्याने खेळात नाव घेतलं होतं 'भरवसा'. झाब्लोन एकदा उगाली खायला घरी गेला आणि परत आला, तेव्हा भरवसाही गेला होता आणि घराच्या भिंतीही गेल्या होत्या. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. झाब्लोनने दूध, ताक, लोणी सगळंच सोडलं. मोबाईल दुरुस्तीच्या टपरीवरचा त्याचा खराखुरा जोडीदार, बिचारा सरळ माणूस, त्याच आठवड्यात त्याने दूर केला. शेजारणीकडे मीठ मागणंही बंद केलं. त्या दिवसांत तो बरेचदा अळणी जेवायचा आणि त्याला स्वावलंबन म्हणायचा.

आता बेटावर त्याचा किल्ला होता, एका उंच कड्यावर, एकट्याने बांधलेला. आपला हात जगन्नाथ! दारामागे दार, त्यामागे आणखी दार, आणि भोवती स्वतः खणलेले सापळ्याचे खड्डे. शत्रू त्यात क्वचितच पडायचे, कारण शत्रूंना ते दिसायचे. या हंगामात झाब्लोन जितक्या वेळा मेला होता त्यातल्या निम्म्या वेळा तो स्वतःच्याच खड्ड्यात मेला होता. पण हा तपशील तो सिद्धांतात धरत नसे.

एवढा खटाटोप कशासाठी, तर एका पदवीसाठी. जो कोणी अख्खा हंगाम एकट्याने तगेल, कोणाच्या टोळीत न शिरता, दुसऱ्याच्या घरात एकदाही न उठता, त्याच्या नावापुढे खेळात कायमचं 'एकांडा' असं लागतं. कोंडेलेत ते अजून कोणाला मिळालं नव्हतं. ओगाडांनी शब्द दिला होता, तुला मिळालं तर तुझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर तुझं नाव रंगवतो. हिरव्या रंगाचा डबासुद्धा त्यांनी आणून कपाटावर ठेवला होता. झाब्लोन रोज येता-जाता त्या डब्याकडे बघायचा. त्याच्याकडे बघून खूश होईल अशी दुसरी कुठली वस्तू त्याच्या आयुष्यात नव्हती.

कड्याच्या खाली, नदीच्या वळणावर, 'डाला' नावाच्या टोळीची वस्ती होती. डाला म्हणजे आमच्याकडचं घर, अंगण, फाटक, सगळं मिळून. टोळीतले सगळे आमच्याच भागातले. प्रमुख होती बेरिल अपोंडी, किबुयेच्या बाजारात ओमेना विकणारी बाई. दिवसभर ती त्या बोटभर माशांचे ढीग लावायची आणि गिऱ्हाइकांशी भांडायची, आणि दुपारी बाजार थंडावला की फोनवरून बेटाचा कारभार बघायची. बायकांच्या बचत गटाची ती वर्षानुवर्षं अध्यक्ष होती, आणि तिला माणसं चालवायची दुसरी कुठली तऱ्हा माहीत नव्हती. त्यामुळे डालामध्ये हल्ला करायचा झाला की आधी प्रार्थना व्हायची. मग कोणीतरी ठराव मांडायचा, कोणीतरी अनुमोदन द्यायचं. उशिरा येणाऱ्याला दंड म्हणून लाकडं फोडावी लागायची. एकदा शत्रू दारात असताना ते लोक आधी कोणी बोलायचं यावर वाद घालत बसले आणि सगळेच्या सगळे मारले गेले, आणि पुन्हा उठल्यावर वाद जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला. बारभाईंची खेती म्हणतात ती हीच. झाब्लोन कड्यावरून हे बघायचा आणि त्याचा सिद्धांत आणखी बळकट व्हायचा.

फक्त एक गोष्ट त्याला खुपायची. त्याचा धाकटा भाऊ ओकेलो त्या टोळीत होता.

ओकेलो नाकुरूला बांधकामावर गवंडी होता. संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी तिथल्या सायबरमधून तो खेळायचा. डालाची तटबंदी, टेहळणीचा मनोरा, कोठार, सगळं त्याच्या हातचं. दुसऱ्यांची घरं तो डोळे मिटून सरळ उभी करायचा. पण स्वतःसाठी त्याने बेटावर एक भिंतसुद्धा घातली नव्हती. तो कोठारात सुक्या मांसाच्या पोत्यांवर झोपायचा. बाकीच्या टोळ्या हसायच्या, की यांचा गवंडीच बेघर! डालामध्ये मात्र कोणी हसत नसे, कारण सगळ्यांना कारण ठाऊक होतं.

आमच्याकडे थोरल्या पोराची झोपडी, सिंबा, आधी उभी राहते. बापाच्या अंगणात, फाटकाजवळ. ती उभी राहिल्याशिवाय धाकट्याने खांब रोवायचा नाही. रोवला तर चिरा लागते, म्हणजे ज्याला ओलांडलं तो आणि ज्याने ओलांडलं तो, दोघेही वाळत जातात. आणि सेमे गावात, ओविटींच्या अंगणात, थोरल्याची झोपडी नव्हती. ओकेलोने आवूर नावाची मुलगी पसंत केली होती. तिच्या घरी ओविटींकडची माणसं दोनदा जाऊन आली होती. मुलीच्या मामाने एकच प्रश्न विचारला, "पोरगी निजणार कुठे?" घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. इथे घर अडलं होतं म्हणून लग्नही अडलं होतं, आणि दोन्ही एकाच माणसापाशी अडलं होतं. तो माणूस कोंडेलेत खुर्चीत बसून बेटावर दारामागे दार लावत होता.

आई फोन करायची.

"झाब्लोन, तुझ्या भावाचं काय करायचं?"

"मी कुठे अडवलंय त्याला? बांध म्हणावं."

"तुझ्याआधी?"

"मा, मी चिराबिरावर विश्वास ठेवत नाही."

"तू नको ठेवूस. ती ठेवते तुझ्यावर. तुझ्या चुलत्याला विचार ती कशी आहे ते. अरे, विचारता कसं येईल? तो मेला."

पण खरं कारण चिरा नव्हतंच. सिंबा एकट्याने बांधता येत नाही, हे खरं कारण. ती एका दिवसात उभी राहावी लागते आणि त्याच रात्री मालकाने आत निजावं लागतं. चुलते खांब धरतात, जोडीचे मित्र पायाने चिखल तुडवतात, बायका नदीवरून पाणी आणतात, आणि सगळे मिळून भिंतींवर माती थापतात. त्यासाठी आधी दारोदार जाऊन म्हणावं लागतं, की बाबांनो, शनिवारी या. ते झाब्लोनच्या तोंडून निघत नव्हतं. एकदा तो कोणाला न सांगता सेमेला गेला आणि एकट्यानेच बांधायला लागला. संध्याकाळपर्यंत चार खांब रोवून झाले, हाताला फोड आले, आणि तो कोंडेलेला परत आला. ते चार खांब अजून तसेच होते. आईने त्यांना दोरी बांधली होती आणि त्यावर ती कपडे वाळत घालायची.

हंगाम सरत आला तेव्हा डालाने ठराव केला, की थोरल्याकडे माणसं पाठवायची. बेटावर एका दुपारी सहा जण रांगेने कड्याखाली येऊन उभे राहिले. पुढे बेरिल, तिच्या काखेत कोंबडा. सगळ्यात मागे ओकेलो.

"झाब्लोन ओविटी! सेमेच्या ओविटींचा थोरला! घरी आहेस का?"

"तुम्ही सहा जण आणि माझ्याकडे एक बंदूक," झाब्लोन वरून म्हणाला. "घरी आहे की नाही ते तुम्हीच ठरवा."

"भांडायला नाही आलो रे. बोलायला आलोय. कोंबडा आणलाय."

"कोंबडा कशाला?"

"मग काय रिकाम्या हाताने यायचं दारात? तुझ्या आईने तुला एवढंही शिकवलं नाही?"

तेवढ्यात ओटोयो, म्हणजे एरवी ओबुंगा वस्तीत मोटारसायकलवर भाडी मारणारा बोडावाला, कोंबडा नीट दिसावा म्हणून एक पाऊल पुढे आला आणि खड्ड्यात गेला. थोडा वेळ फक्त त्याच्या ओरडण्याचा आवाज येत होता.

"मेलास का?" बेरिलने विचारलं.

"नाही. पाय मोडला."

"मग गप बस, चर्चा चालू आहे." ती पुन्हा वर बघून बोलायला लागली. "हे बघ ओमेरा, माझ्या भावा. तुझा भाऊ आमच्या कोठारात झोपतो. परवा त्याला तरसांनी खाल्लं. आमचा एवढा गवंडी, आणि तरसांनी खाल्लं! तू फक्त खाली ये, आमच्या फाटकाजवळ चार खांब रोव, एक रात्र नीज, आणि जा परत तुझ्या घरट्यात."

"अगं बाई, हा खेळ आहे! इथे कसला थोरला आणि कसला धाकटा?"

"ते त्याला सांग."

ओकेलो सगळ्यात मागेच उभा राहिला. झाब्लोनने त्याच्याकडे बघायचं टाळलं, जे तसं सोपं होतं, कारण खेळात सगळ्यांचे चेहरे सारखेच असतात.

"एक रात्र दुसऱ्याच्या वस्तीत निजलो की माझी पदवी गेली," तो म्हणाला.

"पदवी कशाशी खातात?"

"तुम्हाला नाही कळायचं. अकरा जण मिळून एक डुक्कर भाजता, तेही करपवता. मी हे सगळं एकट्याने उभं केलंय. कोणाचे उपकार नाहीत, कोणापुढे हात पसरला नाही. आणि तुम्हाला माझ्या घराची एवढीच हौस आली असेल ना, तर तुम्हीच बांधा माझं घर!"

बेरिलने कोंबडा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला.

"हे तू सगळ्यांसमोर बोललास," बेरिल म्हणाली.

"बोललो. मग?"

"ओटोयो, तू ऐकलंस?"

"ऐकलं!" खड्ड्यातून आवाज आला.

"चल, बेरिल," ओकेलो पहिल्यांदाच बोलला. "तो उतरणार नाही. लहानपणी आंब्यावर चढायचा आणि त्याला उतरता यायचं नाही. पण हाक मारायचा नाही. अंधार पडेपर्यंत वरच बसायचा. मग बाबा यायचे, काही न बोलता शिडी लावायचे आणि निघून जायचे. हा उतरायचा आणि घरात येऊन म्हणायचा, माझा मी उतरलो."

झाब्लोनने माईक बंद केला. ओगाडांनी त्यांच्या टेबलावरून विचारलं, "काय झालं रे, तोंड का असं?" तो म्हणाला, हेडफोन टोचतोय.

हंगामाच्या शेवटच्या शनिवारी, भर दुपारी, गिधाडं आली. 'गिधाडं' ही कुठल्या देशातली टोळी होती कोणास ठाऊक. ते आपसात बोलायचे ते कोणाला कळायचं नाही, आणि शेवटच्या दिवसांत एकटी घरं शोधून फोडणं हाच त्यांचा धंदा. त्यांनी कड्याला शिड्या लावल्या आणि पहिल्या दाराखाली सुरुंग ठेवला.

झाब्लोन लढला, हे कबूल करायला हवं. पुढच्या दारात गोळ्या झाडायच्या, मागच्या दाराकडे धावायचं, तिथून वर छतावर, पुन्हा पुढे. बंदूक भरायलाही तोच, जखमेवर पट्टी बांधायलाही तोच, आणि "मागून आले, मागून आले!" असं ओरडायलाही तोच. सायबरमधली पोरं आपापला खेळ सोडून त्याच्या खुर्चीमागे जमली. त्याने खरोखर चार गिधाडं पाडली. पाचव्याच्या मागे धावताना तो स्वतःच्या खड्ड्याच्या अगदी काठावरून वाचला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

हेडफोनमध्ये बेरिलचा आवाज आला. "झाब्लोन, तुझ्याकडे धूर दिसतोय. येऊ का?"

त्याने उत्तर दिलं नाही. दुसऱ्याला हाक मारून लढलं तर ते एकट्याने तगणं कसलं? तिकडे डालामध्ये, न बोलावता दुसऱ्याच्या भांडणात जावं की नाही यावर चर्चा सुरू झाल्याचं त्याला ऐकू येत होतं. ओटोयो म्हणत होता जावं. दुसरा कोणी म्हणत होता, मागच्या वेळी गेलो तर खड्ड्यात पडलो. तोही ओटोयोच होता.

आणि मग कोंडेलेची लाईट गेली.

सगळे पडदे एकदम काळे झाले. सायबरमध्ये फक्त ओगाडांचा पंखा आणि रेडिओ चालू राहिला, कारण त्यांचा इन्व्हर्टर तेवढ्यालाच पुरायचा आणि रेडिओवर फुटबॉलची मॅच होती. झाब्लोन काळ्या पडद्यासमोर बसून राहिला. त्याचा देह तिकडे किल्ल्यात आडवा झोपला असणार आणि शेवटची दारं एकामागून एक पडत असणार. संध्याकाळपर्यंत लाईट यायची नाही, असं रस्त्यावरून कोणीतरी ओरडून सांगितलं. ती तेवढ्यात आली. आमच्याकडची लाईट अशीच वागते.

पडदा उजळला तेव्हा त्यावर लिहिलं होतं, तुम्ही मेला आहात. खाली नेहमीचा प्रश्न होता, कुठे उठायचं? झाब्लोनची सगळी अंथरुणं किल्ल्यात होती आणि किल्ला आता नव्हता. म्हणजे यादीत फक्त किनारा उरला असणार.

यादीत दोन नावं होती. पहिलं, किनारा. दुसरं, 'थोरल्याचं घर, डाला'.

खेळात दुसऱ्याच्या नावाने अंथरूण टाकता येतं, हे त्याला माहीत होतं. कोणी त्याच्यासाठी टाकेल, हे त्याच्या सिद्धांतात कुठे बसत नव्हतं. तुम्हीच बांधा, असं तो वैतागून बोलला होता, आणि त्या येड्या लोकांनी त्याचा ठराव करून अमलात आणला होता. झोपडी तिथे फाटकाजवळ उभी होती, तो कड्यावरून रोज डाला बघायचा आणि त्याला ती दिसली नव्हती. आणि ती उभी असूनही ओकेलो अजून पोत्यांवरच निजत होता, कारण मालकाने एक रात्र आत काढल्याशिवाय घर घर होत नाही.

"किनारा दाब," मागून एक पोरगा म्हणाला.

"किनारा दाब रे," ओगाडा मॅच सोडून उठून आले होते. "उद्या हंगाम संपतो. झुडपात लपून बस, बोरं खा, कोणी बघत नाही. पदवी तुझीच. मी आजच डबा उघडतो."

ते बरोबर बोलत होते. उघड्याने झुडपात बसायचं, एक दिवस काढायचा, आणि जन्मभर नावापुढे 'एकांडा'. झाब्लोनने माऊसचा बाण 'किनारा' या नावावर नेला. त्याच्या डोळ्यांसमोर ते सेमेचे चार खांब आले आणि त्यावर वाळणारा आईचा लेसो, ती कमरेला गुंडाळायची तो. मग बाबा आठवले, आंब्याला शिडी लावून, मागे न बघता गोठ्याकडे चालत गेलेले. आपण शिडीवरून उतरत असताना ते कुठे बघत असतील, याचा विचार त्याने आजवर केला नव्हता. तो आत्ता केला आणि त्याला फार वाईट वाटलं, इतकं की पडदा थोडा धूसर झाला.

त्याने दुसरं नाव दाबलं.

"अरेरे! काय केलंस हे!" ओगाडा डोक्याला हात लावून म्हणाले.

"बोट घसरलं," झाब्लोन म्हणाला.

तो उठला ती झोपडी दहा जणांनी बांधली होती आणि ते बघितल्याबरोबर कळत होतं. दार तिरकं, छप्पर एका बाजूला उतरतं, आणि खिडकी उघडली की समोर तटबंदीची भिंत. ओकेलोने तिला हात लावलेला नव्हता, लावायचा नसतो. कोपऱ्यात भाजलेला मासा होता. कोंबडा होता, तोच, अजून जिवंत, आणि तो अंथरुणावर बसला होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबाची इतकी वाट बघणारी मुंगळ्यांची जात झाब्लोनने प्रथमच पाहिली.

"आलास?" बाहेरून बेरिल म्हणाली. "फार उशिरा आलास. दंड बसेल. लाकडं फोडावी लागतील."

"तुमची खिडकी भिंतीत उघडते."

"मतदान झालं होतं तिच्यावर."

बेटावर रात्र झाली. बेटावरची रात्र एक कप चहा संपेपर्यंत टिकते. झाब्लोनने कोंबड्याला खाली सारलं आणि तो आडवा झाला. हेडफोनमध्ये कोणी बोलत नव्हतं. वस्तीतले अकरा जण आपापल्या जागी उभे राहून एका माणसाच्या झोपेची राखण करत होते, आणि त्यातल्या एकाने चुकून घसा खाकरला तर बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. पदवी कधी गेली ते झाब्लोनला कळलंसुद्धा नाही, कारण खेळाने त्याची साधी सूचनाही दिली नाही.

उजाडलं. तो दार ढकलून बाहेर आला, तेही पूर्ण उघडलं नाही. दारात ओकेलो उभा होता, खांद्यावर खांब.

झाब्लोनला काहीतरी बोलायचं होतं. त्याने घसा साफ केला.

"सरक," ओकेलो म्हणाला. "माझ्या भिंतीच्या रेषेत उभा आहेस."

झाब्लोन सरकला. ओकेलोने पहिला खांब रोवला, मग दुसरा, आणि मग तो थांबलाच नाही. इतके महिने हातात साठलेलं घर बाहेर येत होतं. भिंत सरळ, दार सरळ, खिडकी नदीकडे. उद्या सगळं बेट पुसलं जाणार होतं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि कोणीही ते बोललं नाही. ओटोयो लाकडं आणून देत होता. झाब्लोन थोडा वेळ नुसता बघत राहिला, मग तोही लाकडं आणायला गेला, आणि जाताना म्हणाला की दंड आहे म्हणून आणतोय.

छप्पर चढलं तेव्हा ओकेलो वरून म्हणाला, "आवूरचा मामा पुन्हा फोन करणार आहे. काय सांगू?"

सायबरमध्ये सगळी पोरं अजून खुर्चीमागे होती. ओगाडांनी रेडिओ बारीक केला होता. झाब्लोनला माईक बंद करावासा वाटला. त्याचं बोट बटणापर्यंत गेलंही. गिधाडांसमोर त्याला इतकी भीती वाटली नव्हती.

"पुढच्या शनिवारी," तो म्हणाला. मग थांबला. मग डोळे मिटून एका दमात बोलला, "पुढच्या शनिवारी सेमेला, आमच्या घरी, माझी सिंबा बांधायची आहे. खरं. मला एकट्याला जमत नाही. चिखल तुडवायला माणसं पाहिजेत. कोणी येता का?"

झाब्लोनला वाटलं, लाईट पुन्हा गेली असती तर बरं झालं असतं.

"ठराव आला आहे," बेरिल म्हणाली. "अनुमोदन कोण देतं?"

"मी," ओटोयो म्हणाला. "पण खड्डे नसावेत."

"मी," मागून ओगाडा म्हणाले, आणि त्यांच्याकडे हेडफोन नव्हता म्हणून ते झाब्लोनच्या कानात ओरडले. "हिरवा रंग आहेच माझ्याकडे. दाराला लावू."

संध्याकाळी झाब्लोनने टपरीचं फळकूट पाडलं आणि आईला फोन लावला. शनिवारी माणसं येणार आहेत, किती ते नक्की नाही, पण बरीच, आणि चुलत्यांकडे तो स्वतः उद्या जाऊन सांगेल, असं त्याने सांगितलं.

"मा? ऐकतेस ना?"

"ऐकतेय," आई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "मग मी कपडे कुठे वाळत घालू?"